पीक जननद्रव्याचा आंतरराष्ट्रीय करार: एसएमटीएवर टिचकी मारण्याआधी

कणगी

पाटणचेरूचं इक्रिसॅट असो की फिलिपिन्सचं इरी, या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थांच्या जनुकपेढीतून (बियाण्यांच्या संग्रहातून) पाच-दहा नमुने मागवायचे म्हटलं की अर्जाच्या शेवटी 'अटी मान्य आहेत' अशी चौकट येते. बहुतेक जण न वाचता टिचकी मारतात. ती टिचकी म्हणजे सही. प्रमाणित साहित्य हस्तांतरण करारात, म्हणजे एसएमटीएत, मान्यतेचे तीन प्रकार आहेत: कागदावर सही, पाकीट फोडणं आणि ऑनलाइन टिचकी. तिन्हींचं वजन सारखंच.

थोडी पार्श्वभूमी. १९८३ साली अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, पीक जननद्रव्य (नव्या वाणांसाठी लागणारं बी, कलमं वगैरे मूळ साहित्य) हा सगळ्या मानवजातीचा वारसा असल्याचं एका बंधन नसलेल्या ठरावात म्हटलं. १९९२ च्या जैवविविधता कराराने गाडी उलटी फिरवली: ज्याच्या देशात संपत्ती, त्याचा सार्वभौम हक्क. औषधी वनस्पतीला हे चालून जातं. पिकाला चालत नाही, कारण एकेका सुधारित वाणाच्या वंशावळीत दहा-वीस देशांचे पूर्वज असतात. आयआर ३६ या भाताला ग्रासी स्टंट विषाणूचा प्रतिकार मिळाला तो उत्तर प्रदेशातल्या एका रानटी भातापासून (ओरायझा निवारा). बाकीचे पूर्वज निम्म्या आशियात पसरलेले. प्रत्येक पूर्वजासाठी वेगळ्या सरकारशी करार करायचा तर पैदासकाराने (नवे वाण तयार करणाऱ्याने) शेत सोडून वकिली शिकावी.

म्हणून ३ नोव्हेंबर २००१ ला रोममध्ये अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जननद्रव्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २९ जून २००४ पासून अमलात आला. भारताने २००२ मध्येच मान्यता दिली होती. कल्पना अशी की ठरलेल्या पिकांचं जननद्रव्य एका सामायिक व्यवस्थेत ठेवायचं, सगळ्यांना एकाच छापील कराराने द्यायचं, फायदा झाला तर एका सामायिक निधीत भरायचा. तो छापील करार म्हणजे एसएमटीए. जून २००६ मध्ये माद्रिदच्या बैठकीत तो मंजूर झाला.

या धाग्यात करार चांगला की वाईट यापेक्षा तो वापरताना कुठे अडकायला होतं, यावर लिहावं ही विनंती.

तृणकुल

पहिली अडचण यादीचीच. करारात दोन वेगळ्या व्याप्ती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. जतन, शाश्वत वापर आणि शेतकऱ्यांचे हक्क ही कलमं सगळ्याच पीक जननद्रव्याला लागू आहेत. सुलभ देवघेव मात्र फक्त परिशिष्ट एकमधल्या पिकांना: ३५ पिकं आणि २९ चारावर्गीय वनस्पती.

आपल्याकडच्या पिकांना ती यादी लावून पाहा, गंमत दिसेल.

आत आहेत: भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, हरभरा, तूर, मसूर, वाटाणा, लाखोळी, मूग-उडीद-मटकी-चवळी (अख्खी विग्ना प्रजाती), मोहरी, सूर्यफूल, वांगी, अळू, रताळं, करांदे-कणगर, केळी, नारळ, लिंबूवर्गीय फळं.

बाहेर आहेत: भुईमूग, सोयाबीन, तीळ, करडई, जवस, कापूस, ऊस, कांदा, लसूण, टोमॅटो, मिरची, भेंडी, वाल, कुळीथ, राळा, वरई, कोद्रा, सुरण, आंबा.

नीरफणस आत, पण आपला फणस बाहेर, कारण आर्टोकार्पस या फणसाच्या प्रजातीतून फक्त ब्रेडफ्रूट घेतलंय. अन्नसुरक्षा आणि देशांचं परस्परावलंबन हे यादीचे अधिकृत निकष. ते खरे असते तर भुईमूग आणि सोयाबीन बाहेर राहिलेच नसते. वाटाघाटीत ज्याच्या हातात जे पीक होतं ते त्याने राखून ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ.

कलम_बारा

+१. यादीत भर एवढीच की यादीत नाव असलं म्हणजे त्या पिकाचा प्रत्येक दाणा व्यवस्थेत आला असं नाही. कराराच्या कलम ११.२ ची अट दुहेरी आहे: तो साठा सरकारच्या व्यवस्थापनाखाली आणि नियंत्रणात हवा, शिवाय सार्वजनिक क्षेत्रात, म्हणजे बौद्धिक संपदेने न अडलेला हवा. खासगी कंपनीच्या शीतगृहातली तूर किंवा शेतकऱ्याच्या कणगीतली ज्वारी आपोआप त्यात येत नाही. त्यांनी स्वेच्छेने द्यावी असं आवाहन आहे, सक्ती नाही.

उलट बाजूने, इक्रिसॅट, इरी वगैरे सीजीआयएआर या जागतिक शेती संशोधन गटाच्या केंद्रांनी १६ ऑक्टोबर २००६ ला करारासोबत स्वतंत्र सह्या केल्या आणि पुढे यादीबाहेरच्या पिकांसाठीही तोच एसएमटीए वापरायचा असं ठरलं. त्यामुळे भुईमूग यादीत नसला तरी इक्रिसॅटच्या भुईमुगाच्या पाकिटाबरोबर एसएमटीएच येतो. तोच भुईमूग राष्ट्रीय पेढीतून परदेशी संस्थेला द्यायचा असेल तर रस्ता पूर्ण वेगळा, जैवविविधता कायद्याचा.

शिवार_१९

गावपातळीवरची बियाणे बँक चालवणाऱ्यांना यातलं काय लागू होतं? अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांचं काम सगळ्यांना माहीत आहे, तशा लहानमोठ्या बँका बऱ्याच ठिकाणी आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या गटाला बी दिलं तर एसएमटीए करावा लागतो का?

कलम_बारा

नाही. शेतकऱ्या-शेतकऱ्यांतली देवघेव हा करार अडवत नाही. कलम ९.३ म्हणतं की शेतकऱ्याला बी राखण्याचे, वापरण्याचे, देण्याघेण्याचे, विकण्याचे जे हक्क आहेत त्यांना कराराने बाधा येत नाही. मात्र 'राष्ट्रीय कायद्याच्या अधीन' हे शब्द तिथेच आहेत, म्हणून खरा आधार आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचा. त्यातल्या कलम ३९(१)(४) नुसार संरक्षित वाणाचं बीसुद्धा शेतकरी राखू, पेरू, वाटू आणि विकू शकतो. एकच अट: ब्रँडच्या नावाने, लेबल लावलेल्या पाकिटात विकायचं नाही. वाणाची ओळख सांगणारी चिठ्ठी आणि कंपनीच्या ब्रँडचं नाव यांत गल्लत करू नका. भांडण होतं ते नेमकं तिथे.

बी देशाबाहेर किंवा परदेशी संस्थेकडे जायचं असेल तेव्हा जैवविविधता कायदा २००२ ची कलमं ३ आणि ४ आडवी येतात. यादीतल्या पिकांना १७ डिसेंबर २०१४ च्या अधिसूचनेने त्यातून सूट आहे, पण ती फक्त अन्न-शेतीसाठीचं संशोधन, पैदास, प्रशिक्षण आणि जतन एवढ्यासाठी, कराराच्या चौकटीत. गटाने परस्पर कुरिअरने पाठवलं तर ती सूट लागत नाही. एनबीपीजीआरमार्फतच (राष्ट्रीय जनुकपेढी चालवणाऱ्या संस्थेमार्फत) जावं.

सॅन_होजे_कर

इकडे राहणारे लोक सुट्टीहून परतताना वालाचं, पडवळाचं बी घेऊन येतात. त्याचं काय?

कलम_बारा

परसबागेसाठीच्या मूठभर बियांशी या कराराचा संबंध नाही. तिथे पकडतो तो त्या देशाचा वनस्पती विलगीकरण कायदा. अमेरिकेत एकतर फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं, नाहीतर 'स्मॉल लॉट्स ऑफ सीड' हा वेगळा परवाना काढून एका पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, असं आणता येतं. न सांगता पिशवीत टाकून आणलेलं बी विमानतळावर जप्त होतं, वर दंडही होऊ शकतो.

कणगी

एसएमटीएच्या कलम ६ मध्ये घेणाऱ्याची बंधनं आहेत. प्रत्यक्षात ज्यांच्याशी गाठ पडते ती माझ्या शब्दांत:

६.१: वापर फक्त अन्न-शेतीसाठीचं संशोधन, पैदास आणि प्रशिक्षण. औषध, रसायन किंवा खाद्येतर औद्योगिक वापर चालत नाही. शेतकऱ्यांच्या शेतावर सहभागी वाण निवड बसते; आलेलं बी वाढवून नुसतं बाजारात विकणं बसत नाही.

६.२: नमुना 'ज्या रूपात मिळाला त्या रूपात' त्यावर किंवा त्याच्या जनुकीय भागांवर इतरांची वाट अडेल असा बौद्धिक संपदा हक्क सांगायचा नाही.

६.३: नमुना जतन करून ठेवलात तर मागेल त्याला एसएमटीएनेच द्यायचा. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये दहा वर्षं पडलेली पाकिटंसुद्धा यात येतात.

६.४: तिसऱ्याला दिलंत तर नवा एसएमटीए. तो केला की त्याच्या वापराबद्दल तुमची जबाबदारी संपते. केला नाही तर साखळी तुमच्यापाशी तुटलेली दिसते.

६.५: अजून तयार न झालेलं पैदास साहित्य (संकरानंतरच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या एफ४, एफ५ ओळी) देताना एसएमटीएच्या परिशिष्टात मूळ नमुन्यांचे क्रमांक लिहायचे. देणं-न देणं तुमच्या मर्जीवर, आणि इथे वेगळा मोबदलाही ठरवता येतो.

६.९: संशोधनातून निघालेली गोपनीय नसलेली माहिती खुली करायची. हे कलम सर्रास पायदळी तुडवलं जातं.

पोटरी

> ज्या रूपात मिळाला त्या रूपात

या चार-पाच शब्दांवर वीस वर्षं वाद चाललाय. नमुन्यातून एक जनुक वेगळं काढलं, त्याचा उपयोग शोधला, तर ते 'मिळालेल्या रूपातलं' की नवं? करारातल्या काही पक्षांनी मान्यता देतानाच आपला अर्थ जोडून ठेवला आहे की बदल केलेल्या साहित्यावर पेटंट चालेल. विकसनशील देश 'भाग व घटक' या शब्दांवर बोट ठेवतात. वाक्य मुद्दामच असं ठेवलंय की दोघांनीही घरी जाऊन जिंकलो म्हणावं.

नफातोटा

पैशाचं गणित कुणीच मांडलं नाही, म्हणून मी मांडतो.

नमुना मिसळलेलं उत्पादन विकलं आणि ते पुढच्या संशोधन-पैदाशीला इतरांना खुलं नसेल, तर विक्रीच्या १.१ टक्के, त्यातून ३० टक्के वजा. १ कोटीच्या बियाणेविक्रीवर १,१०,००० वजा ३३,००० = ७७,००० रुपये. म्हणून सगळे ०.७७ टक्के म्हणतात. कॅलेंडर वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत लेखापरीक्षित अहवाल द्यायचा.

दुसरा रस्ता ६.११ चा: त्या पिकाच्या सगळ्या उत्पादनांच्या विक्रीवर ०.५ टक्के, खुलं असो वा बंद, १० वर्षं. एखाद्या कंपनीची ज्वारी बियाण्याची एकूण विक्री १ कोटी आणि त्यात बंद प्रकारचा माल २० लाखांचा असेल, तर पहिल्या रस्त्याने १५,४०० आणि दुसऱ्याने ५०,०००. बंद मालाचा वाटा साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेला तरच दुसरा रस्ता स्वस्त. फार कुणी तो का निवडला नाही, हे एवढ्यावरून कळावं.

आणि 'मिसळलेलं' याला किमान प्रमाण नाही. वंशावळीत तो नमुना १/६४ असला तरी दर तोच. पैदासकार शिव्या घालतात त्या याला.

पोटरी

आणि 'खुलं' याची व्याख्या बघा. वाण संरक्षण कायद्यात दुसऱ्याच्या संरक्षित वाणावर संशोधन-पैदास करायला मोकळीक असते. म्हणून फक्त वाण संरक्षण घेतलेलं उत्पादन 'खुलं' धरलं जातं आणि भरणा ऐच्छिक होतो. पेटंट घेतलं, करारात पैदासबंदी घातली किंवा तांत्रिक कुलूप लावलं, तरच सक्तीचा.

त्यामुळे एसएमटीए वापरणाऱ्यांकडून निधीत येणारी धार बारीक. एसएमटीए २००६ चा आणि वापरकर्त्याकडून पहिला मोठा भरणा आला २०१८ मध्ये, नेदरलँड्समधल्या एका भाजीपाला बियाणे कंपनीकडून. तोवर निधी चालला तो देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर. नॉर्वे आपल्या देशातल्या बियाणेविक्रीच्या ०.१ टक्का इतकी रक्कम दरवर्षी देतो. मला विचाराल तर तीच पद्धत सगळ्यांत शहाणी: वंशावळ तपासत बसायला नको, विक्री मोजा आणि भरा.

दुरुस्तीची बोलणी २०१३ पासून चालू आहेत. २०१९ मध्ये रोमच्या बैठकीत जनुकक्रमाच्या डिजिटल माहितीवर गाडी अडून फिसकटली. सप्टेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीच्या बैठकीत पुन्हा रुळावर घेतली.

तृणकुल

डिजिटल माहितीचा मुद्दा साधा आहे: एसएमटीए पाकिटाला लागतो, संगणकावरच्या अक्षरांना नाही. जनुकक्रम उतरवून घेतला, प्रयोगशाळेत तुकडा तयार केला, तर पाकीट मागवायचंच कशाला? जैवविविधता कराराच्या बाजूने फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅली निधी सुरू झाला. त्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या १ टक्का किंवा महसुलाच्या ०.१ टक्का भरणं अपेक्षित आहे. 'अपेक्षित' हा शब्द दोनदा वाचावा.

शिवार_१९

परदेशी पेढीतून प्रत्यक्ष मागवायचं तर क्रम काय?

कणगी

१. जेनेसिस या संकेतस्थळावर नमुना शोधा. नमुना क्रमांक आणि डीओआय (नमुन्याचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) दोन्ही लिहून घ्या. एकाच नावाचे दहा नमुने असतात; नावावरून मागवलं की चुकतं.

२. पेढीला मागणी, उद्देश स्पष्ट लिहून. एसएमटीए इथेच होतो.

३. बियाणं निघण्याआधी एनबीपीजीआरच्या संचालकांकडून आयात परवाना. वनस्पती विलगीकरण आदेश २००३ खाली जननद्रव्यासाठी अर्ज पीक्यू ०८ मध्ये आणि परवाना पीक्यू ०९ मध्ये. परवान्याची प्रत पाठवणाऱ्या पेढीला द्या, कारण फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर कोणती जादा विधानं हवीत ते त्यात असतं.

४. पार्सलवर पत्ता एनबीपीजीआरचा. आपल्या घरचा किंवा विभागाचा घातला की अडकलंच. परवान्याशिवाय आलेलं पार्सल परत जातं किंवा नष्ट होतं, एसएमटीए दाखवून उपयोग नाही. ते दोन वेगळे कायदे आहेत.

५. विलगीकरण तपासणी, मग ईसी क्रमांक (परदेशी नमुन्याचा नोंदणी क्रमांक), मग बी तुमच्या हातात. हंगाम गाठायचा असेल तर सहा महिने आधी सुरुवात करा. खरिपासाठी एप्रिलमध्ये जागे झालात तर पुढच्या वर्षीच पेराल.

जनुकीय फेरबदल केलेलं साहित्य या वाटेने येत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. देशातल्या देशात, म्हणजे पाटणचेरूहून मागवताना, तिसरी-चौथी पायरी नाही.

उणे_अठरा

बी हातात आल्यावर काय होतं ते राहिलं. पाकिटात बहुतेक वेळा जेमतेम ५०-१०० दाणे असतात. ते वाढवताना शुद्धता गेली तर तुमच्याकडे त्या डीओआयचा नमुना उरत नाही, फक्त त्याची चिठ्ठी उरते.

ज्वारी मुख्यतः स्वपरागित, पण पूर्ण नाही. फुलोरा सुरू होण्याआधी कणसाला कागदी पिशवी. उशीर झाला तर वरचा शेंडा आधी फुललेला असतो. तेवढा छाटून मग पिशवी चढवा.

बाजरीत स्त्रीकेसर आधी बाहेर पडतो, परागकण नंतर. एकेका कणसाला पिशवी घालून स्वपरागण केलं तर दोन-तीन पिढ्यांत ओळ खंगते. स्थानिक वाण असेल तर शेजारच्या झाडांची कणसं एकाच पिशवीत घेऊन आपसांत परागण करा, आणि झाडं शंभराहून अधिक ठेवा. दहा झाडांवरून बी धरलं की दुर्मीळ जनुकं गळून जातात आणि पुढे कितीही जपलं तरी परत येत नाहीत.

तुरीला मधमाश्या. फूल स्वतः परागित होत असलं तरी माश्या बऱ्यापैकी संकर करतात. मच्छरदाणीच्या जाळीचा पिंजरा किंवा फांदीला मलमलची पिशवी. शेजारी दुसरी तूर नाही म्हणून निवांत राहू नका, बांधावरची चार झाडं पुरतात.

साठवणीचे एफएओचे निकष: वाळवण ५ ते २० अंश आणि १० ते २५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, दीर्घकालीन साठा उणे १८ अंशांना, सुरुवातीची उगवण ८५ टक्क्यांच्या वर. उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांवर घसरली की पुन्हा पेरून नवं बी धरायचं. जाडजूड फ्रीझर नसलेल्यांसाठी जुना ढोबळ नियम: बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने किंवा तापमान ५ अंशांनी कमी केलं की आयुष्य दुप्पट. म्हणजे आधी वाळवा, मग गार करा. ओलं बी फ्रीझरमध्ये घातलं तर पेशीत बर्फ होऊन मरतं. सावलीत वाळवून, सिलिका जेलबरोबर हवाबंद बरणीत आठ-दहा दिवस, मग बंद पाकीट.

नारळ यादीत असला तरी त्याचं बी वाळवून गोठवता येत नाही. म्हणून कर्नाटकात किडू इथे सीपीसीआरआय या केंद्रीय संशोधन संस्थेची नारळाची शेत-पेढी आहे, जिवंत झाडांची. आंबा, फणसाचंही तेच.

शिवार_१९

फारच उपयोगी. उलट दिशेने, गावातलं वाण राष्ट्रीय पेढीत द्यायचं तर?

उणे_अठरा

विदर्भातल्या अकोल्याला एनबीपीजीआरचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. दीर्घकालीन साठ्यासाठी स्वपरागित पिकाच्या साधारण २००० आणि परपरागित पिकाच्या ४००० बिया लागतात. ताजं, याच हंगामातलं, कीडमुक्त, आणि औषध न चोळलेलं बी. थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं आणलं तर परत पाठवतात.

बियांपेक्षा पासपोर्ट माहितीच अपुरी येते. स्थानिक नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, गोळा केल्याची तारीख, देणाऱ्याचं नाव, वाणाचा उपयोग. 'गावरान ज्वारी, महाराष्ट्र' एवढंच लिहिलेल्या नमुन्याला आयसी (देशी नमुन्याचा) क्रमांक मिळेल, पण पन्नास वर्षांनी पैदासकाराला त्यातून काहीच कळणार नाही. 'पौषात येते, हुरड्याला गोड, पाऊस लागला तरी काळी पडत नाही' हे वाक्य दहा मोजमापांना भारी असतं, ते लिहाच.

आणि पेढीत दिलं म्हणजे वाणावरचा हक्क नोंदला गेला असं समजू नका. शेतकरी वाणाची नोंदणी पीक वाण संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी करायची. त्याला शुल्क नाही, पिकांना १५ वर्षं संरक्षण. दोन्ही अर्ज एकाच हंगामात केले तर बी दोनदा वाढवावं लागत नाही.

नफातोटा

पेढीत दिलेलं बी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणे कोठारात जातं का?

उणे_अठरा

आपोआप नाही. स्वालबार्ड २६ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालं ते पेढ्यांच्या जादा प्रतींसाठी. ठेवणाऱ्या पेढीशिवाय कुणी पेटी उघडत नाही, तिथून कुणाला बी वाटलंही जात नाही. २०१५ मध्ये पहिल्यांदा पेट्या परत काढल्या त्या इकार्डा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या पेढीपर्यंत पोचता येईना तेव्हा. त्या बियांवरून मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये संग्रह पुन्हा उभा केला आणि ताज्या प्रती परत ठेवल्या. गावच्या बँकेनेही हाच धडा गिरवावा: सगळं बी एका घरात नको, निम्मं दुसऱ्या गावात.

कलम_बारा

तंटा झाला तर काय, हेही लिहून ठेवतो. आधी बोलणी, मग मध्यस्थी, मग लवाद. निधीचं हित पाहायला त्रयस्थ लाभार्थी म्हणून एफएओ उभी असते आणि ती स्वतः तंटा सुरू करू शकते. म्हणजे देणारी पेढी गप्प बसली तरी प्रकरण मिटत नाही. शिवाय देणाऱ्यानेही केलेल्या एसएमटीएंची माहिती कराराच्या कार्यालयाला कळवायची असते. ईझी-एसएमटीए या ऑनलाइन साधनातून करार केला तर ते परस्पर होतं, हाताने केलात तर विसरलं जातं.

पोटरी

कार्यालयात नोंद असते, प्रयोगशाळेत नसते. संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि मागे 'आर-३, तूर, छान' अशी पाकिटं उरतात. मग दहा वर्षांनी वाण प्रसारित करताना वंशावळीतला एक पालक कुठून आला, हे कुणालाच सांगता येत नाही.

उणे_अठरा

पाकिटाच्या आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या ठेवा. नमुना क्रमांक, डीओआय, एसएमटीए क्रमांक, मिळाल्याची तारीख, कितवी पिढी, परागण कसं केलं. आतली चिठ्ठी पेन्सिलीने, शाई ओलाव्याने फुटते. आणि फ्रीझरमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थेट बियांवर बसतं.